एईएस-२५६ची फाईल, चार ग्राफिक्स कार्डे आणि हरवलेला पासवर्ड

दादरच्या एका सीए फर्ममधून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्येष्ठ भागीदार अचानक गेले. क्लायंटच्या जुन्या फायली त्यांनी सेव्हन-झिप या फायली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन लावून ठेवल्या होत्या आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. लॅमिंग्टन रोडवरचा एक विक्रेता म्हणतो, चार ग्राफिक्स कार्डांची मशीन घ्या, आठवड्यात एईएस फोडून देतो. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर आमचा बाकीचा डेटाही कोणीही असाच फोडेल का?

एईएस चार कार्डांनी फुटत नाही, चार हजारांनीही फुटत नाही. तरीही तुमची फाईल उघडेल अशी मला बऱ्यापैकी आशा वाटते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे नीट सांगते. ते कळले की पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

आधी किल्लीचा हिशोब. किल्ली म्हणजे फाईल बंद करणारा आणि उघडणारा गुप्त आकडा. ब्रूट फोर्स म्हणजे शक्य असलेली प्रत्येक किल्ली लावून बघणे. १९७७ साली अमेरिकी सरकारने मानक म्हणून स्वीकारलेल्या डीईएस या सायफरची (मजकूर कुलूपबंद करण्याच्या पद्धतीची) किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ५६ अंकांची होती, म्हणजे सुमारे ७२ हजार लाख कोटी शक्यता. ही किल्ली तोकडी आहे, असे डिफी आणि हेलमन हे गूढलेखनतज्ज्ञ त्याच वर्षी सांगत होते. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत ‘डीप क्रॅक’ नावाचे यंत्र बांधून ते दाखवून दिले. खास या कामासाठी घडवलेल्या अठराशेहून जास्त चिप त्यात होत्या. सेकंदाला सुमारे ९० अब्ज किल्ल्या तपासत त्याने ५६ तासांत बरोबर किल्ली शोधली. पुढच्याच जानेवारीत इंटरनेटवरच्या सुमारे लाखभर संगणकांची साथ मिळाली, तेव्हा २२ तास १५ मिनिटे पुरली.

गेमिंगसाठी विकले गेलेले आरटीएक्स ४०९० हे एकटे ग्राफिक्स कार्ड डीईएसच्या बाबतीत त्या यंत्राच्या तोडीस तोड आहे. दिवाणखान्यातल्या गेमिंग पीसीवर डीईएसच्या सगळ्या किल्ल्या साधारण आठवडाभरात तपासून होतात. विक्रेत्याचा ‘आठवडा’ कदाचित अशाच कुठल्या आकड्यावरून आला असावा. पण तो आकडा डीईएसचा आहे.

किल्लीत एक बिट वाढले की काम दुप्पट होते, इथेच सगळी मेख आहे. एईएसची सर्वांत लहान किल्ली १२८ बिटांची असते. मी उदारपणे धरते की एक कार्ड सेकंदाला १०० अब्ज एईएस किल्ल्या तपासते (प्रत्यक्षात इतका वेग नसतो) आणि अशी १०० कोटी कार्डे कोणी एकत्र जोडली आहेत. तरीही सगळ्या किल्ल्या संपायला सुमारे १०,८०० कोटी वर्षे लागतात. नशिबाने अर्ध्यावर किल्ली सापडली असे समजा, तरी विश्वाच्या आजच्या वयाच्या जवळपास चौपट काळ जातो. त्या कार्डांना लागणारी वीज ४५० गिगावॉट. मे २०२४मध्ये साऱ्या भारताची विजेची मागणी विक्रमी झाली, तेव्हा ती २५० गिगावॉट होती. आणि हे फक्त १२८ बिटांचे. तुमच्या फाईलची किल्ली २५६ बिटांची आहे, त्यासाठी असे आकडे मांडण्यातही अर्थ नाही.

एक कार्ड सोडून चार घेतली तर काय होते? वेग चौपट, म्हणजे फक्त दोन बिटांची कमाई. मशीन विकत घेण्याआधी हे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा. कार्डे वाढवल्याने वेग गुणाकाराने वाढतो खरा, पण किल्लीची लांबी वाढली की शक्यता घाताने वाढतात. या शर्यतीत हार्डवेअर जिंकत नाही.

मग ग्राफिक्स कार्डांचा एवढा बोलबाला कशासाठी? त्यासाठी कार्डाच्या आत काय चालते ते पाहावे लागेल. सीपीयूत थोडेच कोर असतात, पण प्रत्येक कोर हुशार, गुंतागुंतीचे निर्णय झटपट घेणारा. ४०९०मध्ये १६,३८४ साधे कोर आहेत आणि ते ३२-३२च्या तुकडीने चालतात. एका तुकडीतले सगळे धागे (म्हणजे समांतर चाललेली एकेक कामे) एका वेळी एकच सूचना पाळतात, डेटा मात्र प्रत्येकाचा वेगळा. किल्ल्या किंवा पासवर्ड तपासायला ही रचना जणू मुद्दाम केल्यासारखी बसते, कारण एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाशी काही देणेघेणे नसते. कोणी कोणासाठी थांबत नाही, मेमरी फारशी लागत नाही, नुसती बेरीज, बिटांची फिरवाफिरव आणि एक्सॉर ही बिटांची साधी क्रिया. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २००७ साली कार्डावर प्रोग्राम लिहिण्याची कुडा ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि ही ताकद चित्रे काढण्यापलीकडे सामान्य प्रोग्रामरच्या हाती आली. आज हॅशकॅट आणि जॉन द रिपर ही पासवर्ड शोधणारी मोफत साधने तिच्यावरच चालतात.

सगळेच सायफर कार्डाला सारखे मानवतात असे नाही. डीईएस बिट-स्लाइस पद्धतीने (प्रत्येक बिट वेगळा हाताळून) लिहिला की कोष्टके पाहण्याची गरजच उरत नाही. तो निव्वळ लॉजिकच्या क्रिया बनतो आणि कार्ड सुसाट सुटते. ही पद्धत एली बिहाम यांनी १९९७ साली मांडली. एईएसचे नेहमीचे कोडिंग कोष्टकांवर चालते. ती कोष्टके कार्डाच्या सामायिक मेमरीत ठेवावी लागतात आणि एकाच कप्प्यावर अनेक धागे तुटून पडले की सगळ्यांनाच थांबावे लागते. आरसी-४ या जुन्या सायफरला प्रत्येक धाग्यामागे २५६ बाइटांचे सतत बदलणारे कोष्टक लागते, तेही कार्डाला जड जाते. म्हणून ‘कार्ड सीपीयूच्या अमुक पट वेगवान’ असे सरसकट वाक्य कोणी टाकले की मी आधी विचारते, कोणत्या सायफरसाठी?

आता तुमच्या फाईलकडे येऊ. २५६ बिटांची किल्ली तुमच्या भागीदारांनी पाठ केलेली नव्हती. त्यांनी एक पासवर्ड टाइप केला आणि सेव्हन-झिपने त्यापासून किल्ली बनवली. शोध घ्यायचा तो त्या पासवर्डाचा. आणि माणसाने निवडलेल्या पासवर्डात २५६ बिटांची अनिश्चितता कधीच नसते. तीस-चाळीस बिट असले तरी पुष्कळ.

पासवर्डापासून किल्लीपर्यंतची वाट किती लांब ठेवली आहे, यावर पुढचे सगळे ठरते. विंडोजचा जुना एनटीएलएम हॅश ही अगदी आखूड वाट. (हॅश म्हणजे पासवर्डावर गणित करून काढलेला, उलटा फिरवता न येणारा आकडा.) २०१२ साली पासवर्ड-सुरक्षेचे अभ्यासक जेरेमी गॉस्नी यांनी २५ जीपीयूंचा (ग्राफिक्स प्रोसेसरांचा) संच दाखवला होता, सेकंदाला सुमारे ३५० अब्ज एनटीएलएम अंदाज करणारा. कीबोर्डवरची ९५ चिन्हे वापरून होणारे आठ अक्षरांचे सगळे पासवर्ड तो साडेपाच तासांत संपवत असे. आज एकटे ४०९० तेच काम साडेसहा तासांच्या आसपास करते. सेव्हन-झिप मात्र प्रत्येक अंदाजासाठी पासवर्ड ५,२४,२८८ वेळा एसएचए-२५६ या हॅशमधून फिरवते. हे कार्ड सेकंदाला सुमारे २२ अब्ज साधे एसएचए-२५६ करते. आठ अक्षरांच्या पासवर्डासाठी हिशोब मांडला तर सेकंदाला लाखभर अंदाज ही कमाल मर्यादा येते, हातात पडतो तो वेग तिच्याहून कमी. आठ अक्षरांचे तेच सगळे पासवर्ड या वेगाने संपवायला दोन हजारांहून जास्त वर्षे लागतील. कार्ड तेच, पासवर्डही तेवढाच. फरक पडला तो त्या सव्वापाच लाख फेऱ्यांमुळे.

पासवर्डापासून किल्ली बनवणाऱ्या पद्धतींची ही जी घराणी आहेत, त्यांचा इतिहास म्हणजे कार्डांशी चाललेली रस्सीखेच आहे. १९९९चा बीक्रिप्ट प्रत्येक अंदाजामागे चार किलोबाइट मेमरी सतत ढवळत राहतो. ४०९० साधा एमडी-५ हा जुना हॅश सेकंदाला १६० अब्जांच्या पुढे करते, पण हॅशकॅटच्या मोजणीत बीक्रिप्टच्या ३२ फेऱ्यांच्या पातळीला फक्त एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास थांबते. जवळपास नऊ लाख पटींचा फरक. २०१५च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत निवडला गेलेला आर्गॉन-२ आणखी पुढे गेला. प्रत्येक अंदाजाला ६४ मेगाबाइट मागितले, तर २४ गिगाबाइटच्या कार्डावर एका वेळी जेमतेम ३८४ अंदाज मावतात आणि बाकीचे हजारो कोर नुसते बसून राहतात. कार्डाचे मोठेपण ज्या गोष्टीत आहे, नेमकी तीच काढून घेणारी ही कल्पना मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

तुमच्या फाईलबद्दल आशा वाटते ती आपल्या माणसांच्या सवयींमुळे. आपल्याकडे पासवर्डात मुलांची नावे, कुलदैवत, गावाचे नाव, गाडीचा नंबर, जन्मसाल, शेवटी @123 असेच काहीतरी असते. समजा तुम्ही सर्व भागीदारांनी आणि गेलेल्या सरांच्या घरच्यांनी बसून पाचशे शब्द काढले. प्रत्येक शब्द लहान-मोठ्या लिपीत दहा तऱ्हांनी, मध्ये दहापैकी एखादे चिन्ह, पुढे चार आकडे. सगळे मिळून ५० कोटी जुळण्या होतात. कमाल वेगाच्या निम्माच वेग मिळाला तरी एका कार्डावर तीन तासांत सगळ्या तपासून होतात. एकच कार्ड, तेही भाड्याचे चालेल.

म्हणून तुमचा पहिला खर्च वेळेचा आहे. सरांचे इतर पासवर्ड कुठे सापडतात का पाहा: ब्राउझरमध्ये साठवलेले, जुन्या डायरीतले, ऑफिसच्या राउटरच्या खाली चिकटवलेले, आयकर पोर्टलसाठी क्लार्कला सांगितलेले. माणूस पासवर्ड बदलतो तेव्हाही त्याची घडण सहसा तीच ठेवतो. नाव आधी की आकडा आधी, ‘अ’साठी @ वापरायचे का, साल दोन आकडी की चार आकडी, यांतली प्रत्येक माहिती शोध कित्येक पट कमी करते. मराठी शब्दांच्या रोमन स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्या. ‘गणपती’ हे ganpati, ganapati, ganpathi असे तीन-चार तऱ्हांनी लिहिणारे एकाच घरात भेटतात. इंग्रजी शब्दांच्या तयार याद्यांत हे सापडत नाही, ते घरच्यांच्या जुन्या मेसेजमध्ये सापडते. घरच्यांशी हे बोलताना घाई करू नका. गेलेल्या माणसाच्या आवडत्या नावांची यादी करणे त्यांच्यासाठी सोपे नसते, आणि शांतपणे बसलेल्या बैठकीतच उपयोगाचे काही निघते.

हे सगळे करूनही फाईल उघडली नाही, सरांनी खरोखरच बारा-पंधरा अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड ठेवला असेल, तर ती उघडणार नाही. हे मी आत्ताच स्पष्ट सांगते. अशा वेळी ‘अजून चार कार्डे लावू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. एक यादृच्छिक अक्षर वाढले की काम ९५ पट होते, म्हणजे एका जास्तीच्या अक्षराची भरपाई करायला ९५ पट कार्डे लागतील.

सायफर मजबूत म्हणवला जात असूनही कार्डांपुढे हरला, असे प्रसंग खरेच घडले आहेत. ते लपवायचे नाहीत. जीएसएम फोनचे बोलणे झाकणारा ए५/१ हा ६४ बिटांचा सायफर. सुरक्षा संशोधक कार्स्टन नोल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ग्राफिक्स कार्डांवर त्याची प्रचंड कोष्टके आधीच मोजून ठेवायचा प्रकल्प उभारला, आणि एकदा ती तयार झाल्यावर किल्ली काढणे साध्या संगणकाच्या आवाक्यात आले. पोलिसांच्या आणि आपत्कालीन सेवांच्या टेट्रा रेडिओतला टीईए-१ हा सायफर कागदावर ८० बिटांचा होता. २०२३ साली डच संशोधकांनी दाखवले की आतल्या आत त्याची किल्ली ३२ बिटांवर आणली जाते. बत्तीस बिट म्हणजे फक्त ४३० कोटी शक्यता, त्याला आजचे कार्डही लागत नाही.

सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण २०२५च्या मार्चमधले. अकिरा नावाच्या रॅन्समवेअरच्या (फायली बंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या) लिनक्स आवृत्तीने एका कंपनीच्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. त्यात वापरलेले सायफर दमदार होते, पण किल्ल्या ज्या आकड्यापासून तयार केल्या तो आकडा म्हणजे त्या क्षणाची वेळ, नॅनोसेकंदांत. एका सेकंदात नॅनोसेकंद १०० कोटीच. फायलींच्या वेळा आणि लॉग पाहून तो क्षण थोड्या पट्ट्यात अडकवता येतो. इंडोनेशियाचे प्रोग्रामर योहानेस नुग्रोहो यांनी भाड्याने घेतलेल्या १६ आरटीएक्स ४०९० कार्डांवर दहा तासांच्या आसपास किल्ल्या शोधून फायली सोडवल्या, खंडणी न देता. तिथेही सायफरला धक्का लागला नाही. किल्ली जिथून जन्मली ती जागा अरुंद होती, एवढेच. मुंबईत कोणाकडे रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मला फोन आला, तर मी पहिल्यांदा हेच सांगते: डिस्क फॉरमॅट करू नका, फायलींच्या वेळा आणि लॉग जसेच्या तसे जपा. आज उपाय नसला तरी उद्या निघू शकतो, आणि तो त्या वेळांमधूनच निघतो.

तुमच्याकडच्या जुन्या फायलींतही असे कच्चे दुवे असतील. ऑफिस ९७ ते २००३च्या पासवर्ड लावलेल्या वर्ड-एक्सेल फायली आणि फार जुन्या पीडीएफ यांत बऱ्याचदा ४० बिटांची आरसी-४ किल्ली असते, कारण नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या निर्यात नियमांनी तेवढीच मुभा होती. चाळीस बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. तिथे पासवर्ड कितीही अवघड असला तरी फरक पडत नाही, कार्ड सरळ किल्लीच शोधते आणि ते काम तासांच्या हिशोबात आटोपते. झिपचे जुने एन्क्रिप्शन तर १९९४पासूनच तुटलेले आहे. आतल्या एखाद्या फाईलचा थोडासा मूळ मजकूर माहीत असला की कार्डाविनाच उघडते. सरांच्या संग्रहात अशा फायली असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांतून पासवर्डही सापडला तर तो मोठ्या फाईलचा धागा देऊ शकतो.

मशीनबद्दल. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते करून नाणी मिळवणे) थांबले तेव्हापासून वापरलेली कार्डे बाजारात आली. लॅमिंग्टन रोडवर अशी कार्डे दिसतात आणि या कामाला ती चालतातही. मायनिंगच्या मशीनमध्ये कार्डे अरुंद रायझरने (जोडकेबलने) जोडलेली असतात. एनटीएलएमसारख्या झटपट हॅशला त्याने अडचण येते, पण सेव्हन-झिपसारख्या संथ हॅशला अजिबात नाही, कारण प्रत्येक अंदाजावर कार्ड इतका वेळ घालवते की डेटा पोहोचवणे हा प्रश्नच राहत नाही. पण मुंबईच्या हवेत वर्षभर चाललेल्या कार्डाचे पंखे आणि थर्मल पॅड तपासून घ्या, खारट दमट हवेने कनेक्टर गंजलेले असतात. ४०९०सारखे कार्ड पूर्ण ताकदीने चालवले तर दिवसाला जवळपास ११ युनिट एकटे खाते. चार कार्डांची खोली थंड ठेवायचा एसी वेगळा, आणि ऑफिसचे वायरिंग तो भार पेलेल का हेही पाहावे लागेल. एका फाईलसाठी हे करणे मला पटत नाही. भाड्याचे कार्ड काही तास पुरेल.

कार्ड भाड्याने घेताना किंवा बाहेर काम देताना मूळ फाईल कोणाच्या हाती देऊ नका. पडताळणीपुरता लागणारा हॅशचा तुकडा वेगळा काढता येतो. सेव्हन-झिपच्या बाबतीत त्या तुकड्यात मजकुराचा काही एन्क्रिप्ट केलेला भाग येऊ शकतो, म्हणून तोही गोपनीय समजा आणि काम करणाऱ्याकडून लेखी करार घ्या. उरलेल्या भागीदारांच्या सहीचे अधिकारपत्र फाईलला जोडा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ आणि ६६नुसार परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने दुसऱ्याच्या डेटात शिरणे हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अधिकारपत्राशिवाय मी काम हाती घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याकडे तुमच्या क्लायंटची कागदपत्रे सोपवणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता तुमचे तुम्हालाच देता येईल. तुमचा बाकीचा डेटा एईएसमुळे धोक्यात नाही. धोका आहे तो ऑफिसच्या वाय-फायला मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवल्याने. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात, म्हणजे फक्त ४०० कोटी शक्यता. वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा पद्धतीसाठी मिळणाऱ्या वेगाने एक ४०९० त्या अर्ध्या तासाच्या आत संपवते. धोका आहे तो क्लायंटला जन्मतारखेचा पासवर्ड लावून पाठवलेल्या पीडीएफमध्ये. शंभर वर्षांच्या सगळ्या जन्मतारखा ३६,५२५ होतात, तेवढ्या तर साधा लॅपटॉप चहा होईपर्यंत तपासतो. आधार कार्डाच्या डाउनलोड केलेल्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल असा असतो. ज्याला क्लायंटचे नाव ठाऊक आहे त्याच्यासाठी शंभरच शक्यता उरतात. अशी पीडीएफ ईमेलवर फिरवताना ती उघडीच आहे असे धरून चाला.

यापुढचे संग्रह सेव्हन-झिपमध्येच ठेवायला हरकत नाही. पासवर्ड फाशाने निवडा: ७,७७६ शब्दांच्या यादीतून पाच फासे टाकून एक शब्द, असे सहा शब्द. सत्त्याहत्तर बिटांहून थोडे जास्त होते आणि वर त्या सव्वापाच लाख फेऱ्या आहेतच. अभंगाची ओळ किंवा आवडत्या गाण्याचा मुखडा घेऊ नका, त्यांच्या याद्या फोडणाऱ्यांकडे तयार असतात. शब्द तुम्ही निवडायचे नाहीत, फाशांनी निवडायचे. मग तो पासवर्ड कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत घाला, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक दुसऱ्या भागीदाराच्या घरी. पाकिटावर तारीख आणि कोणत्या संग्रहाचा आहे ते लिहा, आणि दर मार्चनंतर, ऑडिटची धावपळ संपली की, दोघांनी मिळून एकदा त्या पासवर्डाने फाईल उघडून पाहा.